वेगवान संघ व त्याविषयींचे लोकभ्रम

एखाद्या गोष्टीला एकदां नांव पडलें, कीं ती गोष्ट मागें राहते व नांवच पुढें चालूं लागतें. अमेरिकेंतील फिनिक्स शहराच्या 'सन्स' या धंदेवाईक बास्केटबॉल संघाचें असेंच झालें आहे. इ. स. २००४ पासून २००८ पर्यंत हा संघ जो खेळ खेळला त्यास 'सात सेकंद किंवा त्याहून कमी' असें नांव मिळालें. जॅक मॅक्कॅलम या क्रीडालेखकानें २००५-०६ चा हंगाम त्या संघाच्या सहवासांत काढून एक पुस्तक लिहिलें व त्यासही हेंच नांव दिलें. पुस्तक थोड्यांनीं वाचलें. नांव मात्र सर्वांच्या तोंडीं बसलें.

आमच्या विद्यार्थ्यांना हा संघ खेळतांना पाहण्याचा योग आला नाहीं. त्यांतील बहुतेकांचा तेव्हां जन्मही झाला नव्हता. परंतु जुन्या सामन्यांचे तुकडे आज कोणाच्याही मोबाइलवर सांपडतात, आणि ते पाहून आलेलीं मुलें मैदानावर 'आज आपण फिनिक्ससारखें खेळूं' अशी आरोळी ठोकतात. त्या आरोळीनंतर जें होतें तें पाहून कडेला उभे असलेले पालक कपाळास हात लावतात. मुलांची समजूत अशी, कीं चेंडू हातीं येतांच धूम ठोकावी व जमेल तेथून तो कड्याकडे भिरकावून द्यावा, म्हणजे झाला वेगवान खेळ. पालकांची समजूत अशी, कीं असला खेळ म्हणजे निव्वळ धांगडधिंगा. त्यांत बचाव नाहीं, विचार नाहीं व शेवटीं यशही नाहीं. आमच्या मतें या दोन्ही समजुती एकाच बीजापासून उगवल्या आहेत. वेग आणि घाई या दोन गोष्टी एकच आहेत, असें दोन्ही पक्ष धरून चालतात. एक पक्ष तिच्यावर खूष असतो, दुसरा नाखूष, एवढाच काय तो फरक.

प्रथम हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. २००३-०४ च्या हंगामांत फिनिक्सनें ८२ पैकीं अवघे २९ सामने जिंकले होते. तो हंगाम चालू असतांनाच, डिसेंबर २००३ मध्यें, माइक डॅन्टोनी यांच्याकडे संघाचें प्रशिक्षकपद आलें. हे गृहस्थ अमेरिकेचेच. परंतु खेळाडू म्हणून त्यांचें नांव झालें तें इटलींत, मिलान शहराच्या संघांतून, आणि प्रशिक्षकाचें कामही ते प्रथम त्याच देशांत शिकले. २००४ च्या उन्हाळ्यांत स्टीव्ह नॅश हा खेळाडू डॅलसचा संघ सोडून फिनिक्सला आला. वय ३०, उंची ६ फूट ३ इंच, म्हणजे त्या खेळांत बुटक्यांतच जमा. शाळा संपतांना त्यास शिष्यवृत्ती देऊं करणारें विद्यापीठ सबंध अमेरिकेंत सांता क्लारा हें एकच निघालें होतें. असा गडी आल्यावर २००४-०५ मध्यें संघाचे विजय झाले ६२, म्हणजे एका वर्षांत ३३ अधिक. दर सामन्यास सरासरी ११०.४ गुण, त्या वर्षीं लीगमध्यें इतके गुण दुसऱ्या कोणाचेच नव्हते. नॅश त्या वर्षीं, आणि पुढच्या वर्षींही, लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. पुढील तीन हंगामांत अनुक्रमें ५४, ६१ व ५५ विजय मिळाले. अजिंक्यपद मात्र एकदांही मिळालें नाहीं, आणि लोकभ्रमांची सगळी इमारत या एका 'नाहीं'वर उभी आहे.

आतां त्या धांवण्याकडे वळूं. ज्यांनीं खो-खोमध्यें एकेरी साखळी खेळणारा गडी पाहिला आहे, त्यांना आमचें म्हणणें चटकन् पटेल. परक्यास तो गडी जीव घेऊन सैरावैरा पळत आहेसें वाटतें. जाणत्यास दिसतें, कीं त्याचें प्रत्येक पाऊल ठरलेलें आहे. फिनिक्सचें तसेंच होतें. त्या काळीं बहुतेक संघ आपले दोन उंच गडी कड्याजवळ उभे करीत. दोन गडी तेथें, म्हणून त्यांस अडविणारे दोघेही तेथेंच; चार धिप्पाड माणसांची अशी गर्दी जमली, कीं मधून शिरावयास वाट उरत नसे. डॅन्टोनींनीं कड्याजवळ एकच गडी ठेवला, तो अमारे स्टाउडमायर. दुसऱ्या उंच गड्याच्या जागीं त्यांनीं ६ फूट ७ इंचांचा शॉन मॅरियन घेतला, जो धांवण्यांत छोट्यांस व चेंडूसाठीं उडी घेण्यांत मोठ्यांस भारी होता. उरलेले गडी तीन गुणांच्या रेषेबाहेर.

तेही कोठेंतरी नव्हेत. त्यांतील दोघे अगदीं कोपऱ्यांत. एन.बी.ए.च्या मैदानावर तीन गुणांची रेषा कड्याच्या समोरून २३ फूट ९ इंच दूर आहे, पण कोपऱ्यांत ती २२ फुटांवरच आहे. गुण तितकेच, अंतर पावणेदोन फुटांनीं कमी. म्हणून प्रतिपक्षाचा नेम चुकून चेंडू फिनिक्सच्या हातीं येतांच नॅश तो घेऊन मधून निघे, आणि कडेचे दोन गडी चेंडूकडे न पाहतां, कड्याकडे न वळतां, थेट आपापल्या कोपऱ्याकडे धांवत. ही गोष्ट आमच्या मुलांनीं नीट ध्यानांत घ्यावी. आमच्याकडे पांचही जण चेंडूमागें धांवतात. गुळाच्या ढेपेभोंवतीं मुंग्या जमाव्या तसा देखावा दिसतो. फिनिक्सचे गडी चेंडू जेथें नाहीं तेथें धांवत असत, आणि त्यांच्या वेगाचा अर्धा अर्थ या एका गोष्टींत आहे. कारण कोपऱ्यांत नेमबाज उभा असला, कीं त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यासही तेथेंच खिळून राहावें लागतें, आणि मैदानाचा मधला भाग मोकळा पडतो.

त्या मोकळ्या जागेंत नॅश काय करी? तो सर्वांत चपळ नव्हता. उडी तर त्याची अगदीं सामान्य होती. तो टप्पे देत पुढें येई, मध्येंच गति कमी करी, पुन्हां वाढवी. वाट बंद दिसली, तर चेंडू न सोडतां टप्पे देतच कड्याखालून पलीकडे निघे व फिरून पुन्हां पुढच्या अंगास येई. दुसरा कोणी असता तर घाबरून तेथेंच चेंडू टाकून देता. एवढ्या अवकाशांत बचाव करणारे डोकीं वळवून वळवून गोंधळलेले असत, आणि कोणीतरी अर्धें पाऊल चुकलेलें असे. त्याच क्षणीं पास जाई. ज्या पासावरून लगेच गुण होतो त्यास असिस्ट म्हणतात. २००४-०५ मध्यें नॅशचे असे पास दर सामन्यास ११.५ पडले, आणि तें लीगमधील सर्वांत मोठें प्रमाण होतें.

स्टाउडमायरबरोबर त्याची जी जोडी जमली होती, ती पाहण्यासारखी होती. स्टाउडमायर पुढें येऊन नॅशला अडविणाऱ्याच्या आड उभा राही. नॅश त्या आडोशाला घसटून निघे. तोंच स्टाउडमायर वळून कड्याकडे झेप घेई. आतां बचाव करणाऱ्यांनीं नॅशकडे जावें, तर पास कड्याकडे जातो. स्टाउडमायरकडे जावें, तर नॅश स्वतः नेम मारतो. आणि कोपऱ्यांतल्या कोणी मदतीस यावें, तर मागें कोपऱ्यांत मोकळा राहिलेला नेमबाज तीन गुण वसूल करतो. या तिढ्यास पिक अँड रोल म्हणतात. तो फिनिक्सचा शोध नव्हे, खेळाइतकाच जुना आहे. पण इतक्या मोकळ्या मैदानावर तो क्वचितच कोणी मांडला होता. अशा खेळास 'चेंडू भिरकावणें' म्हणणाऱ्यांनीं एक आंकडा पाहावा. चेंडू गमावण्याचें या संघाचें प्रमाण, प्रत्येक चढाईमागें मोजलें असतां, लीगच्या सरासरीहून अधिक नव्हतें; उलट कमीच होतें. घाईच्या खेळाचें पहिलें लक्षण म्हणजे हातचा चेंडू जाणें, आणि तेंच लक्षण येथें दिसत नाहीं.

सात सेकंदांविषयीं फार लिहावयास नको. धंदेवाईक लीगमध्यें चेंडू हातीं आल्यावर २४ सेकंदांच्या आंत नेम मारावा लागतो. हा नियम १९५४ सालीं आला. त्यापूर्वीं पुढें असलेला संघ चेंडू धरून नुसता बसून राही. नोव्हेंबर १९५० मध्यें फोर्ट वेन आणि मिनियापोलिस यांचा एक सामना अवघ्या १९-१८ वर संपला होता. प्रेक्षकांनीं त्या दिवशीं काय पाहिलें असेल, देव जाणे! तर त्या २४ पैकीं पहिल्या सात सेकंदांत प्रतिपक्षाचे गडी आपापल्या जागीं पोहोंचलेले नसतात, कोण कोणास धरणार हें ठरलेलें नसतें. तेव्हां जी फट दिसेल तिचा लाभ घ्यावा, एवढाच त्या नांवाचा अर्थ. फट न दिसल्यास फिनिक्सचे गडी थांबत आणि वर सांगितलेला तिढा सावकाशीनें मांडीत. त्यांचे पुष्कळ नेम सात सेकंद उलटून गेल्यावरच पडलेले आहेत. जवळ कोणी अडविणारा नसतां पांचव्या सेकंदाला मारलेला नेम उतावळा, व अंगावर दोघे चढलेले असतां बाविसाव्या सेकंदाला मारलेला नेम विचारी, असें मानण्याची जी रीत आपल्यांत पडली आहे, ती घड्याळाकडे पाहते, नेमाकडे पाहत नाहीं. २००४-०५ मध्यें फिनिक्सनें तीन गुणांच्या रेषेबाहेरून दर सामन्यास २४.७ नेम मारले, लीगमध्यें सर्वांत अधिक; आणि त्यांतले शेंकडा ३९.३ बसले. उतावळ्यांचे नेम इतके बसत नाहींत.

आतां सर्वांत मोठा आक्षेप. या संघाला बचाव येतच नव्हता, असें म्हणणाऱ्यांच्या हातांत पुरावा आहे, हें आम्ही मान्य करतों. २००४-०५ मध्यें फिनिक्सविरुद्ध दर सामन्यास सरासरी १०३.३ गुण झाले. अजिंक्यपद मिळविणाऱ्या सॅन अँटोनिओच्या संघाविरुद्ध तोच आंकडा ९० च्या खालीं होता. वर्तमानपत्रांतून छापलेल्या कोष्टकांत फिनिक्स तळाशीं आणि सॅन अँटोनिओ शिखरावर. झालें, निकाल लागला.

परंतु हें मोजमाप कसें आहे तें पाहूं. क्रिकेटमध्यें एका गोलंदाजानें ३० षटकांत ९० धावा दिल्या आणि दुसऱ्यानें १० षटकांत ५० दिल्या, तर पन्नासवाला अधिक चांगला असें आमच्या प्राथमिक शाळेंतील मुलगाही म्हणणार नाहीं. तो लगेच विचारील, षटकें किती? बास्केटबॉलमध्यें हा प्रश्न विचारावयाचें आपण विसरतों, कारण तेथें षटकें डोळ्यांना दिसत नाहींत. पण तीं असतात. चेंडू हातीं आल्यापासून गुण होईपर्यंत, किंवा नेम चुकून अथवा इतर रीतीनें चेंडू प्रतिपक्षाकडे जाईपर्यंत, एक चढाई धरावी. संघ भराभर खेळला म्हणजे त्याच्या चढाया वाढतात, हें उघड आहे. पण एकाची चढाई संपली कीं दुसऱ्याची सुरू होते. तेव्हां प्रतिपक्षाच्याही चढाया तितक्याच वाढतात. फिनिक्सच्या सामन्यांत दोन्ही बाजूंस सुमारें ९६ चढाया होत, लीगची सरासरी सुमारें ९१ होती. शंभर चढायांमागें हिशेब मांडला, तर फिनिक्सनें दिले सुमारें १०७ गुण. लीगची सरासरी १०६. फरक एका गुणाचा! ज्या संघाची बचाव न येणारा म्हणून जगभर हेटाळणी झाली, तो तीस संघांच्या यादींत साधारण मध्यावर होता. पुढील दोन हंगामांतही तीच स्थिति राहिली, आणि २००६-०७ मध्यें या संघाच्या राजा बेल या गड्यास लीगच्या पहिल्या बचाव-संघांत स्थान मिळालें. (राजा हें त्याचें खरेंच नांव आहे. हा गडी आपल्याकडचा नव्हे, हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण दरवर्षीं कोणीतरी विचारतो.)

मध्यावरचा बचाव हा उत्तम बचाव नव्हे, हें खरें. पण मध्यम आणि नादान यांत जें अंतर आहे तें मिटवून टाकण्याचा अधिकार कोष्टकाला कोणी दिला? शंभर चढायांमागें फिनिक्सचे स्वतःचे गुण त्याच वर्षीं ११४ होते, लीगमध्यें सर्वांहून अधिक. १०७ द्यावे आणि ११४ घ्यावे, असा हा व्यवहार होता. आमच्या मैदानावर एखाद्या सामन्यानंतर 'चाळीस गुण खाल्लेत, लाज वाटत नाहीं?' असें एखादे वडील आपल्या चिरंजीवांस विचारतांना आम्हीं ऐकलें आहे. चिरंजीवांच्या संघानें त्या दिवशीं बावन्न केले होते.

या संघास 'आजवरचा सर्वांत वेगवान' म्हणणें हाही एक भ्रमच आहे, पण तो निरुपद्रवी असल्यामुळें त्यावर दोनच वाक्यें. १९६१-६२ मध्यें लीगमधील संघांची सरासरीच ११८ गुणांवर होती, आणि १९८१-८२ मध्यें डेन्व्हरच्या संघानें दर सामन्यास १२६.५ गुण केले होते. उलट २०१८-१९ मध्यें सबंध लीगची सरासरी १११.२ झाली, म्हणजे ज्या ११०.४ गुणांस २००५ सालीं लोक तोंडांत बोटें घालीत, तेवढे गुण चौदा वर्षांनीं सरासरी संघाहूनही कमी ठरले.

उरला यशाचा प्रश्न. 'असल्या खेळानें अजिंक्यपद मिळत नाहीं' हें वाक्य इतक्या वेळां इतक्या थोरामोठ्यांनीं उच्चारलें आहे, कीं त्यास म्हणीचें स्वरूप आलें आहे. आम्ही त्या चार वर्षांची हकीकत वाचकांपुढें ठेवतों. २००५ सालीं डॅलसविरुद्ध खेळतांना जो जॉन्सन या मुख्य नेमबाजाच्या डोळ्याभोंवतालचें हाड मोडलें. सॅन अँटोनिओविरुद्ध पहिले दोन सामने तो नव्हता, आणि फिनिक्स ते दोन्ही घरच्या मैदानावर हरला. त्या पांच सामन्यांत स्टाउडमायरनें सरासरी ३७ गुण केले, तरी संघ ४-१ असा हरला. पुढच्याच हंगामाच्या तोंडीं स्टाउडमायरच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीं तो केवळ तीन सामने खेळला. कड्याजवळचा एकुलता एक उंच गडी नसतांना, बोरिस डियॉ या फ्रेंच खेळाडूस त्या जागीं उभा करून, हा संघ पुन्हां उपांत्य फेरींत पोहोंचला व तेथें डॅलसकडून ४-२ असा हरला.

आणि २००७ साल. सॅन अँटोनिओविरुद्ध चौथा सामना फिनिक्सनें त्यांच्याच मैदानावर जिंकला, मालिका २-२. सामना संपावयास कांहीं सेकंद उरले असतां रॉबर्ट होरी यानें नॅशला कमरेनें असा धक्का दिला, कीं तो गुणलेखकांच्या मेजावर जाऊन आदळला. तें पाहून स्टाउडमायर आणि डियॉ बांकावरून उठून पुढें धांवले. नियम असा, कीं मैदानावर तंटा झाला तर बांकावरच्या गड्यानें आपली जागा सोडूं नये. सोडल्यास एका सामन्याची बंदी. दोघांवरही ती बंदी पडली. होरीवर दोन सामन्यांची पडली, परंतु सॅन अँटोनिओचें नुकसान फिनिक्सच्या मानानें थोडें होतें. पांचवा सामना फिनिक्स ८८-८५ असा हरला, आणि सहावाही. सॅन अँटोनिओनें पुढें अंतिम फेरींत क्लीव्हलंडला ४-० असें हरविलें. नियम वाईट होता असें आमचें म्हणणें नाहीं. तो ठाऊक असूनही दोघांचे पाय आवरले नाहींत, हेंही खरें. पण त्या तीन गुणांच्या पराभवांतून 'वेगवान खेळ निष्फळ' असा सिद्धांत कसा निघतो, हें आम्हांस आजवर कोणी समजावून दिलेलें नाहीं.

संघांत दोष नव्हते असें मात्र नव्हे. उंच गडी एकच ठेवल्यामुळें, नेम चुकून फळीवरून परतणारा चेंडू बऱ्याच वेळां प्रतिपक्षाच्या हातीं जाई. डॅन्टोनी आपल्या सात-आठ गड्यांवरच सारी भिस्त ठेवीत, त्यामुळें एक आजारी पडला कीं सगळाच गाडा अडे. आणि संघाचे चालक नवे खेळाडू निवडण्याचे आपले हक्क विकून टाकीत. २००६ मध्यें फिनिक्सच्या हक्कानें निवडला गेलेला रॅजॉन राँडो असाच बॉस्टनला देऊन टाकला, आणि दोनच वर्षांनीं तो बॉस्टनच्या अजिंक्य संघांत नॅशच्याच जागेवर खेळत होता. हे दोष मोठे आहेत. त्यांतील पहिला त्या खेळाच्या रचनेंतून येतो, बाकीचे दोन येत नाहींत. आणि टीकाकारांनीं तिन्हींचें माप वेगाच्या पदरांत घातलें.

या म्हणीवर खुद्द फिनिक्सच्याच चालकांचा विश्वास बसला, ही त्या कथेंतील सर्वांत खेदाची गोष्ट. फेब्रुवारी २००८ मध्यें त्यांनीं शॉन मॅरियनला मायामीस देऊन शकील ओनील यास आणलें. ओनील हा एके काळचा अजोड गडी, ७ फूट १ इंच उंच, चार अजिंक्यपदांचा धनी. पण तेव्हां त्याचें वय ३५ वर्षें होतें, आणि धांवणाऱ्या संघाचा कणा काढून तेथें न धांवणारा माणूस बसविला गेला. संघ पहिल्याच फेरींत सॅन अँटोनिओकडून ४-१ असा हरला. डॅन्टोनी न्यूयॉर्कला निघून गेले. ज्यांच्या कारकीर्दींत ही देवघेव झाली ते संघाचे व्यवस्थापक होते स्टीव्ह कर.

हेच स्टीव्ह कर २०१४ मध्यें गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांनीं आपल्या मदतीस मुख्य साहाय्यक म्हणून आल्व्हिन जेंट्री यांस घेतलें, जे पूर्वीं फिनिक्समध्यें डॅन्टोनींच्या हाताखालीं होते, आणि ज्यांच्या प्रशिक्षणाखालीं नॅश व स्टाउडमायर यांनीं २०१० सालीं त्याच सॅन अँटोनिओला ४-० असें धुऊन काढलें होतें. २०१४-१५ मध्यें गोल्डन स्टेटचा संघ लीगमध्यें सर्वांत वेगवान होता. शंभर चढायांमागें सर्वांत कमी गुण देणारा संघही तोच होता. वेग आणि बचाव एका घरांत नांदत नाहींत म्हणणाऱ्यांनीं या दोन वाक्यांवर क्षणभर थांबावें. अंतिम फेरींत तो २-१ असा मागें पडला असतां, चौथ्या सामन्यास कर यांनीं आपला सर्वांत उंच गडी अँड्र्यू बोगट यास बसवून त्याच्या जागीं आंद्रे इग्वोडाला यास घेतलें, म्हणजे डॅन्टोनींनीं २००४ मध्यें केलें होतें तेंच केलें. ओळीनें तीन सामने जिंकून संघ अजिंक्य झाला.

वास्तविक एवढें लांब जावयासही नको होतें. १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदें मिळविणारा बॉस्टनचा संघ धांवण्यासाठींच प्रसिद्ध होता. बिल रसेलनें चेंडू अडवावा आणि बाकीच्यांनीं पळत सुटावें, हा त्यांचा नित्यक्रम. १९८० ते १९८८ या काळांत लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघानेंही धांवूनच पांच अजिंक्यपदें नेलीं. सॅन अँटोनिओचें २०१४ चें अजिंक्यपदही भराभर पास देऊन मोकळा गडी शोधणाऱ्या खेळानें आलें. त्या संघांत बोरिस डियॉ होता, तोच, २००७ मध्यें बांकावरून उठलेला.

आमच्या मैदानावर गुणलेखकाची वही ज्या मुलांकडे आहे, त्यांस पुढील हंगामासाठीं एक काम सांगूं इच्छितों. वहींत सध्यां गुणांचा आणि फाउलांचा असे दोनच रकाने असतात, तिसरा आंखावा. प्रत्येक चढाईस एक रेघ, चेंडू फुकट गेला तर त्या रेघेवर एक फुली. सामना संपल्यावर दोन्ही बाजूंचे गुण चढायांनीं भागून मग सूचनाफलकावर लावावे, म्हणजे चाळीस गुण 'खाल्ले' कीं चाळीसच दिले, हें वडीलमंडळींस घरीं जाण्यापूर्वीं पाहतां येईल. पेन्सिली मात्र दोन जवळ ठेवाव्या. वेगवान संघाच्या सामन्यांत रेघा पुष्कळ ओढाव्या लागतात.